हिऱ्याला ओलावा किती?

हिऱ्याची पारख हे वऱ्हाडी माणसाचं काम नव्हे, असं सुरतेचे व्यापारी समजतात, मुंबईचे समजतात आणि सगळ्यात ठामपणे खुद्द वऱ्हाडी माणूस समजतो. अमरावतीच्या सराफ्यात किंवा अकोल्याच्या गांधी रोडवर काळ्या मखमलीची डबी उघडली की काउंटरच्या अलीकडचं अख्खं कुटुंब अंग चोरून बसतं. कर्ता पुरुष घसा साफ करतो, डबी दोन बोटांत धरतो, डावीकडून बघतो, उजवीकडून बघतो आणि "चमकते बा" असा अभिप्राय देतो. खाली ट्यूबलाइट, वर हॅलोजन, मागे आरसा अशा बंदोबस्तात स्टीलचा चमचाही चमकतो, हे त्याला ठाऊक असतं. पण ते ठाऊक असणं त्या क्षणी उपयोगाला येत नाही. माझं म्हणणं असं की हा न्यूनगंड सपशेल खोटा आहे. हिऱ्याची पारख म्हणजे प्रतवारी, आणि प्रतवारी म्हणजे काय हे भारतात कुणाला शिकवायची गरज नसेल तर ती वऱ्हाडाला.

कारण या मुलखात मालाची प्रत ठरवण्याचा धंदा सरकारी कागदोपत्री मोजला तरी सव्वाशे वर्षांहून जुना आहे. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली उभा राहिला तो कारंजा लाड इथे, आणि १८९७ साली कापूस व धान्याच्या बाजारांसाठी वेगळा कायदा झाला तोही वऱ्हाडासाठीच. हे शेतकऱ्याच्या प्रेमापोटी झालं असं कुणी समजू नये. मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ रुई हवी होती. पुढे १९७२ पासून जवळपास तीन दशकं राज्याची एकाधिकार कापूस खरेदी योजना चालली आणि 'ग्रेडर' नावाचा माणूस वऱ्हाडाच्या घराघरात व्याह्यापेक्षा जास्त चर्चेचा विषय झाला. आज भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, खरेदी केंद्रावर ओलाव्याचं यंत्र आहे. ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, त्यावर प्रत्येक टक्क्याला कपात, १२ च्या वर गेला तर गाडी माघारी. धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोजतात. २०२५-२६ च्या हंगामात साडेचोवीस ते साडेपंचवीस मिलिमीटरच्या मध्यम धाग्याला क्विंटलला ७,७१० रुपये हमीभाव, आणि साडेएकोणतीस ते साडेतीसच्या लांब धाग्याला ८,११०. पाच मिलिमीटरला ४०० रुपये. ज्या शेतकऱ्याला मिलिमीटरचा हिशेब असा पाठ आहे, त्याला साडेसहा मिलिमीटरच्या दगडाने दिपून जाण्याचं काही कारण नाही.

तरी तो दिपतो, आणि त्याचं कारण माझ्या मते डोळ्यांत नसून बसण्याच्या जागेत आहे. बाजार समितीच्या आवारात हा माणूस विकणारा असतो. व्यापारी येतो, गाडीत कोपरापर्यंत हात खुपसतो, तळातला मूठभर कापूस वर काढतो, दोन अंगठ्यांत धरून धागा ओढतो आणि तोंड असं करतो की आजवर कुणी इतका वाईट कापूस पिकवलाच नसावा. यात कवडी आहे, यात पत्ती आहे, हा फरदडीचा आहे, हा रात्री पाणी मारून आणलेला दिसतो. अर्ध्या मिनिटात चार खोटी. वर वजनातून दोन किलो कटती. शेतकरी गरीब चेहरा करून उभा राहतो, कारण विकणाऱ्याने तसंच उभं राहायचं असतं. आता सराफाच्या दुकानात भूमिका उलटलेली असते. पैसा याच्या खिशात, माल समोरच्याचा. म्हणजे हात खुपसायची पाळी याची, तोंड वाकडं करायची पाळीही याचीच. आयुष्यभर दुसऱ्यांनी आपल्या मालातली खोट काढली. दुसऱ्याच्या मालातली खोट काढण्याची ही एकमेव संधी. आणि नेमका इथेही हा गृहस्थ सवयीने गरीब चेहरा करून बसतो, चहा घेतो आणि "तुम्ही म्हणता तर चांगलाच असन" म्हणतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: कापूस आमच्या अंगणातला, हिऱ्याशी आमचा संबंध काय? संबंध बराच जुना आहे. अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीची नोंद आहे. हे वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात, आरमोरी तालुक्यात आहे. म्हणजे अकबराच्या हिशेबात हिरा हा वऱ्हाडचा स्थानिक माल होता. तो सुरतेहून कुरिअरने यायला लागला ही अलीकडची गोष्ट. त्याच्याही मागे जायचं तर रुक्मिणीचं माहेर वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर, म्हणजे श्रीकृष्ण हा अमरावती जिल्ह्याचा जावई. स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ आला तो याच जावयावर. आळ धुऊन काढायला तो बाहेर पडला, आणि मण्याचा छडा लागेपर्यंत त्याची आणखी दोन लग्नं झाली. रत्न म्हटलं की वऱ्हाडातल्या माहेरांना जो संशय येतो तो अगदीच निराधार म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आता सगळ्या हिऱ्यांबरोबर सर्टिफिकेट येतं, मग गिऱ्हाइकाने पारखायचं काय? रंग, शुद्धता, पैलू आणि वजन या चार गोष्टी कागदावर छापलेल्या असतात. वाचायच्या आणि पैसे द्यायचे. पण कागदावर छापलेली प्रत म्हणजे काय, हे एकाधिकाराच्या काळातल्या कुठल्याही कास्तकाराला विचारा. एकाच ढिगातल्या दोन गाड्या, एक सकाळी मोजलेली आणि एक जेवणानंतर मोजलेली, वेगवेगळ्या ग्रेडमध्ये गेल्याच्या कहाण्या त्याच्याकडे पोत्याने आहेत. प्रत ही मालात जन्मत नाही, ती बघणारा देतो. अमेरिकेतली जीआयए ही या क्षेत्रातली सर्वांत दबदब्याची संस्था, स्थापना १९३१. तिच्या अहवालावरही छापलेलं असतं की ही हमी नव्हे आणि मूल्यांकनही नव्हे. एकच खडा दोन प्रयोगशाळांत पाठवला तर रंगात किंवा शुद्धतेत एखाद्या पायरीचा फरक पडू शकतो, आणि काही प्रयोगशाळांचा हात इतरांपेक्षा सैल असतो हे व्यापाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं. ते फक्त आपल्याला सांगत नाहीत. जीआयएची रंगाची प्रतवारी 'डी' या अक्षरापासून सुरू होऊन 'झेड'पर्यंत जाते. सुरुवात 'ए'पासून का नाही? कारण ती पद्धत आली तोवर ए, डबल ए, ट्रिपल ए अशी अक्षरं व्यापाऱ्यांनी आपापल्या मालाला इतकी चिकटवली होती की त्यांना काही अर्थच उरला नव्हता. तेव्हा कागद जरूर मागावा, पण कागद कुणाचा ते आधी पाहावं. त्यावरचा क्रमांक हिऱ्याच्या कमरेवर लेसरने कोरलेला असेल तर तो दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून जुळवून बघावा आणि प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावरही तपासावा. भिंग मागायला लाजू नये. आपल्या कापसात हात घालताना कुणी लाजलं होतं का?

कागदावर विश्वास नसलेले लोक घरगुती परीक्षांकडे वळतात, आणि त्यांचा इतिहास तर मोठा रम्य आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त हिऱ्याच्या परीक्षेवर अख्खा अध्याय लिहिला. त्यातल्या कित्येक गोष्टी आजही पटतात; कावळ्याच्या पायासारखी खूण, केसासारखी रेघ हे दोष त्याने सांगितले आहेत, आणि आजचे तज्ज्ञ तेच भिंगातून शोधतात. मात्र उत्तम हिरा पाण्यावर तरंगतो, असंही तो सांगतो. हिरा पाण्याच्या साडेतीन पट जड असतो. पाण्यावर तरंगणारा हिरा कुणी दाखवलाच तर तो घेऊ नये, निदान दाखवणाऱ्याकडून तरी घेऊ नये. पुत्राची इच्छा असलेल्या स्त्रियांनी हिरा वापरू नये असं काही जणांचं मत असल्याचंही त्याने नोंदवलंय. हे काही जण कोण ते त्याने सांगितलेलं नाही. पण ते विवाहित असावेत. तिकडे रोमच्या प्लिनीने लिहून ठेवलं की खरा हिरा ऐरणीवर घणाला दाद देत नाही, फक्त बोकडाच्या रक्तात नरम पडतो. आपल्या तुकोबांच्या अभंगातही ऐरणीवरचा हिरा येतो; मात्र तो संत कसा ओळखावा यासाठी आलाय, अंगठी कशी घ्यावी यासाठी नव्हे. हा फरक न कळल्याने जगात किती खरे हिरे फुटले असतील याची गणतीच नसेल. हिरा सगळ्यांत कठीण हे खरं. पण कठीण म्हणजे ओरखडा न पडणारा, न फुटणारा नव्हे. बरोबर कोनात घाव बसला तर तो सुपारीसारखा दुभंगतो.

तोंडाची वाफ सोडून बघण्याची परीक्षा त्यातल्या त्यात बरी. हिरा उष्णता झपाट्याने वाहून नेतो, त्यामुळे त्यावरची वाफ लगेच उडते, काचेवर रेंगाळते. या परीक्षेत 'अमेरिकन डायमंड' नापास होतो. (हा अमेरिकन डायमंड मोठ्या प्रमाणावर बनवायची रीत १९७० च्या दशकात रशियन शास्त्रज्ञांनी काढली. बाजारात गोत्र बदलायला वेळ लागत नाही.) पण मॉइसनाइट नावाचा बनावट खडा उष्णता मोजणाऱ्या साध्या यंत्रालाही चकवतो, आणि प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर कुठल्याच घरगुती परीक्षेत पकडला जात नाही, कारण तो बनावट नसतोच, तोही शुद्ध कार्बनच. तेव्हा खरा की खोटा हा प्रश्न यंत्रावर आणि प्रयोगशाळेवर सोडावा. वऱ्हाडी बुद्धीने विचारायचा प्रश्न वेगळा आहे. माल खरा धरला, पण त्यात ओलावा किती?

हिऱ्यात ओलावा असतो, हे ऐकून सराफ हसेल. हसू द्यावं. ओला कापूस काट्यावर जड भरतो, पण तो भार पाण्याचा. गिरणीत त्याचा धागा होत नाही. हिऱ्यातही असा निरुपयोगी भार असतो. हिऱ्याचा भाव नगावर नसून कॅरटवर लागतो, आणि अर्धा कॅरट, एक कॅरट अशा गोल आकड्यांवर कॅरटचा दरच उडी मारतो. एक कॅरट म्हणजे ग्रॅमचा पाचवा भाग. क्विंटलमागे जी दोन किलो कटती आपण मुकाट्याने सोसतो, ती दहा हजार कॅरट भरते. तर सुरतेत खडा घासणाऱ्या कारागिरासमोर पेच असा: पैलू नेमक्या कोनात पाडले तर खडा ९४ सेंटचा होतो, आणि कंबर थोडी जाड ठेवली, बूड थोडं खोल ठेवलं, तर तोच खडा १०० सेंटला, म्हणजे पुऱ्या एक कॅरटला, टेकतो. जास्तीचे ६ सेंट वरून दिसत नाहीत. ते खाली बुडात, कोंदणाच्या आत बसलेले असतात. शिवाय बूड वाजवीपेक्षा खोल असलं की वरून शिरलेला उजेड परत वर न येता बाजूने निसटतो. म्हणजे गिऱ्हाईक चमक कमी करणाऱ्या वजनाचे पैसे मोजतं, तेही चढ्या दराने. याला ओलावा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? नीट घडवलेला एक कॅरटचा गोल हिरा वरून साधारण साडेसहा मिलिमीटर दिसतो, ९० सेंटचा सव्वासहाच्या आसपास. सर्टिफिकेटवर खोलीचे आणि व्यासाचे आकडे छापलेले असतात. वजनाचा आकडा सगळे वाचतात, हे आकडे कुणी वाचत नाही.

वजनाचा मोह आपल्याकडे फार जुना आहे, आणि त्याला कोहिनूरएवढा पुरावा आहे. हिंदुस्थानी कारागीर पैलू पाडताना वजन जपायचे. कोहिनूर इंग्लंडात गेला तेव्हा १८६ कॅरट होता, पण तिथल्या प्रदर्शनात लोकांना तो निस्तेज वाटला. १८५२ साली त्याला पुन्हा पैलू पाडले आणि तो १०५ कॅरटवर आला. इथे वऱ्हाडी माणूस कळवळून म्हणेल, ऐंशी कॅरट कटती! त्याचं दुःख खरं आहे. पण राणीच्या मुकुटात बसण्याइतकी चमक आली ती वजन गेल्यावरच, हेही खरं. म्हणून चार गोष्टींपैकी पैलूंच्या घडणीला मी पहिला मान देईन. कापसात जे स्थान धाग्याचं, तेच हिऱ्यात या घडणीचं. रंग आणि शुद्धता जमिनीतून येतात, घडण तेवढी माणसाची.

आणि याच हिशेबाने रंग-शुद्धतेवर उधळपट्टी करू नये, असंही माझं मत आहे. शुद्धतेच्या अकरा पायऱ्या आहेत आणि त्या ठरतात दहापट भिंगाखाली. पण अंगठी बघणारी शेजारीण भिंग घेऊन येत नाही. नुसत्या डोळ्यांना जो ठिपका दिसत नाही तो काढून टाकण्यासाठी दुप्पट पैसे मोजणं म्हणजे कापसातली कवडी सूक्ष्मदर्शकाखाली वेचणं. रंगाचंही तसंच. पिवळ्याधमक बावीस किंवा अठरा कॅरेट सोन्याच्या कोंदणात बर्फासारखा पांढरा 'डी' रंगाचा हिरा बसवला तर खालचं सोनं आपला पिवळेपणा त्याला देऊन मोकळं होतं. तिथे चार-पाच पायऱ्या खालचा रंग चालून जातो. रंग बघायचाच तर सुटा खडा मागावा, पांढऱ्या कागदावर उलटा ठेवावा आणि दुकानाच्या दाराशी, सावलीतल्या उजेडात पाहावा. जुने जवाहिरे त्यासाठी उत्तरेकडची खिडकी वापरत. सावलीतल्या म्हणजे सावलीतल्याच. अकोल्याच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हात हिऱ्याला काही होत नाही, पण गिऱ्हाइकाची सारासारबुद्धी पातळ होते आणि एसीकडे परतायच्या घाईत सौदा ठरून जातो.

आता उरला तो सगळ्यात वऱ्हाडी आक्षेप: आमचा सराफ तीन पिढ्यांचा, आजोबांपासूनचा घरोबा, त्याच्यासमोर भिंग काढणं बरं दिसतं का? घरोब्याबद्दल मला आदर आहे. पण तो घरोबा सोन्याचा होता. सोन्याची सचोटी त्याच्या कसोटीवर होती, आणि जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा होत गेल्यावर ती सरकारी शिक्क्यावरही आली. हा शिक्का सोन्याचा आहे, त्यात बसवलेल्या हिऱ्याबद्दल तो अवाक्षर बोलत नाही. आणि अनेकदा सराफाकडेही हिरा बाहेरून तयार दागिन्यात जडवूनच येतो. मग कोंदणात बसलेल्या खड्याची प्रत तोही अंदाजानेच सांगतो. तेव्हा भिंग काढण्यात त्याचा अपमान नाही, दोघांचीही सोय आहे. फार संकोच वाटत असेल तर भिंगाऐवजी पावती बघावी. दागिन्याचं एकूण वजन वेगळं, त्यातून खडे वजा करून सोन्याचं निव्वळ वजन वेगळं, हिऱ्याचं कॅरटमधलं वजन वेगळं, मजुरी वेगळी, असं लिहून मागावं. नाही तर हिरा एकदा हिऱ्याच्या भावाने आणि पुन्हा सोन्याच्या भावाने, असा दोनदा विकला जाण्याचा संभव राहतो.

पावतीवर आणखी एक ओळ मागावी, ती चुकाऱ्याची. परत आणला तर कितीला घेणार? वऱ्हाडात दागिना हा नुसता अंगावरचा नसतो, तो मिरगाच्या आधी बियाण्यासाठी गहाण पडतो आणि कापूस विकल्यावर घरी येतो. सोन्याचा भाव रोज पेपरात छापून येतो. हिऱ्याचा येत नाही, येऊही शकत नाही, कारण दोन हिरे सारखे नसतात आणि दोन ग्रेडर तर नसतातच. गहाण ठेवायला गेलं तर बँक खड्यांचं वजन वजा करून फक्त सोनं मोजते. सीतादहीला शेताची पूजा करावी, पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावावी, तसा हिरा हौसेचा माल आहे. पेरणीला तो येत नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याचा भाव तर गेल्या काही वर्षांत इतका घसरलाय की तो परत विकायचा विचार करणाऱ्याने सोयाबीनच्या भावाबद्दल तक्रार करू नये. पण तो खाणीतल्या हिऱ्याइतकाच चमकतो आणि फार स्वस्त पडतो, हेही तितकंच खरं. नुसती चमक हवी असणाऱ्याने तो खुशाल घ्यावा, फक्त पावतीवर तसं स्पष्ट लिहून घ्यावं.

एवढी उलटतपासणी करून घेतलेला हिरा शेवटी लग्नघरात जातो आणि तिथे त्याची खरी परीक्षा मावशी, आत्या आणि मामेसासू अशा तिघींच्या मंडळापुढे होते. तिथे सर्टिफिकेट कुणी मागत नाही, पैलूंचे कोन कुणी मोजत नाही. हात धरून बोट उजेडाकडे वळवलं जातं आणि एकच प्रश्न येतो: कितीचा घेतला? सांगितलेला आकडा तिघीही मनातल्या मनात निम्मा करतात, आणि पाच वर्षांनी तीच अंगठी मोडायला नेली की त्यांचा अंदाज सर्टिफिकेटपेक्षा जवळचा होता, हे सराफाकडून कळतं.